भेट म्हणून प्राप्त

कोर्टनाक्यावर माझं टेबल,
वर निळं प्लास्टिक, खाली एक पाय डुगडुगणारा.
प्रतिज्ञापत्रं, नावात बदल, भाडेकरार,
वारसनोंदी तर रोजच्या चार.
मेलेल्या माणसांचं मला नवल नाही.

येऊरहून सोनकी वरठा आली ती बुधवारी,
सोबत बारावी झालेला भाचा.
त्याच्या मोबाइलमध्ये एक कवटी.
कपाळावर काळ्या शाईत, वळणदार:
ठाणे, १४.
अक्षर सुंदर होतं. मला अक्षरातलं कळतं.

खालचं कार्ड इंग्रजीत. मी मराठी करत गेलो:
पुरुष. वय अंदाजे चाळीस. वारली.
मृत्यू ठाण्याच्या तुरुंगात,
गुन्हा सरकारी जंगलात सागतोड.
सन अठराशे ब्याण्णव. जेलच्या डॉक्टरकडून
भेट म्हणून प्राप्त.

"भेट झाली?" सोनकी पुढे सरकली. "कुनाची?"

तशी भेट नव्हे, म्हणालो. म्हणजे, दिली.
"कुनी?"
डॉक्टरने.
"त्याची होती का ती?"

मी फॉर्म उघडला.

फॉर्म सभ्य होता. 'कृपया' सात वेळा.
अर्जदाराचं मृताशी नातं.
नातं सिद्ध करणारी कागदपत्रं.
सवयीने बोलून गेलो, वारस दाखला लागेल,
त्याआधी मृत्यूचा दाखला,
आणि तो, माणूस जिथे मेला तिथला.
म्हणजे इथून हाकेवर असलेल्या त्या भिंतीमागचा.
तीस वर्षं मी तिच्याकडे पाठ करून बसतो,
ऊन तिकडून येतं म्हणून.

"कागद त्यांच्याकडंच हाय की," सोनकी म्हणाली.
"नेला त्यानंच लिवून ठेवलंय कुठून नेला.
आमच्याकडं कागद असता
तर आमच्याच रानात चोर कसा झाला असता?"

पुढचा रकाना.
परत मिळाल्यास कुठे ठेवणार?
तापमान, आर्द्रता, सुरक्षेची व्यवस्था.
भाचा माझ्याकडे बघायला लागला.
"मातीत."
तापमान?
"मातीचं असतं तेवढं."

तेच टाइप केलं.
माती वनखात्याची, हे मला माहीत होतं,
संध्याकाळी नाक्यावर फाटक लागतं, हेही.
खड्डा खणायला आणखी एक अर्ज.
तो फुकट करून देईन, असं मनात आलं,
बोललो नाही.

मग नाव.
फॉर्मवरची सगळ्यात लांब, रिकामी रेघ.
पाड्यावर कोणी लाडक्या म्हणतं,
कोणी म्हणतं छे, लाडक्या मिठागरात गेला
आणि तिकडेच राहिला, हा दुसरा,
तिसऱ्या म्हातारीला फक्त एवढंच आठवतं
की कोणीतरी दोन फांद्यांसाठी गेलं
आणि त्याच्या बायकोने पावसाळाभर
छपराला भोक ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," सोनकी म्हणाली.
"आला की भगत घांगळी घिऊन बसंल रातभर.
तोच सांगंल आपलं नाव."

मी लिहिलं: आल्यावर कळेल.
इंग्रजीत ते नीट बसेना.
तसंच ठेवलं.

चार महिन्यांनी उत्तर.
आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे.
मालकीहक्काची छाननी सुरू आहे.
समिती मार्चमध्ये बसेल.
दरम्यान अवशेष प्रदर्शनातून काढून,
मऊ कागदात गुंडाळून, खोक्यात,
अंधारात ठेवले आहेत. आदरपूर्वक.

"अंधारात," सोनकीने तेवढंच उचललं.
"बरं केलं. सव्वाशे वरसं
डोळे मिटायला पापनी नव्हती त्याला."

मग पदराची गाठ चाचपत विचारलं,
मार्च म्हणजे होळीच्या आधी, का मागून?

शेजारच्या नोटरीकडचं कालनिर्णय मागून आणलं.
होळी सापडली, तीन तारखेला.
पत्र परत उलटंपालटं करून बघितलं,
समितीची तारीख कुठेच नव्हती.